माळावरचीं फुलें आणि जातीचा रकाना

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यास लागलें म्हणजे शहर मागें पडल्यावर थोड्या वेळानें चिंचोळीची औद्योगिक वसाहत येते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची; त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून झालेला ‘एमआयडीसी’ हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं, मोहोळ तालुक्यांतली निरक्षर म्हातारीही तो बिनचूक उच्चारते. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा, आणि मधून मधून इमारत न उठलेल्या भूखंडांवर उरलेला मूळचा मुरमाड माळ, असें तेथलें दृश्य आहे. पाऊस संपतां संपतां या माळावर नखाएवढालीं पिवळीं-पांढरीं फुलें येतात. त्या फुलांविषयीं, आणि त्यांच्या निमित्तानें आमच्या मनांत उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाविषयीं, येथें लिहावयाचें आहे. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हों. आमचा व्यवसाय तर्कशास्त्र शिकविण्याचा. या फुलांकडे आम्हांस वळावें लागलें तें दोन चुकांमुळें, आणि त्या दोन्ही चुका आमच्याच होत्या.

दोन वर्षांपूर्वीं आश्विन महिन्यांत आमच्या महाविद्यालयाचे चाळीसेक विद्यार्थी गाजरगवत उपटण्यासाठीं या वसाहतींतल्या एका मोकळ्या भूखंडावर गेले. वनस्पतिशास्त्राचे आमचे स्नेही ऐन वेळीं तापानें आजारी पडल्यामुळें मुलांबरोबर जाण्याचें काम आमच्याकडे आलें. गाजरगवत हें मूळचें अमेरिका खंडांतलें. आपल्याकडे त्याची नोंद १९५६ सालीं पुण्याहून झाली, आणि पुढें थोडक्याच वर्षांत देशांतलीं पडीक रानें त्यानें व्यापून टाकलीं. त्याच्या स्पर्शानें पुष्कळांच्या अंगास खाज सुटते, पुरळ उठतो. तेव्हां तें उपटण्यांत पुण्य आहे याविषयीं दुमत नव्हतें. दहा वाजेपर्यंत निम्मा भूखंड साफ झाला. उपटलेल्या रोपांचा कमरेएवढा ढीग पाहून आम्हांस समाधानही वाटलें. तेवढ्यांत शेजारच्या कारखान्याच्या बागेंत काम करणारी एक वयस्क बाई कुंपणाशीं आली, ढिगांतून मूठभर रोपें तिनें बाजूला काढलीं, आणि म्हणाली, “अवो सर, ही पाथरी हाय की! भाकरीसंगं खात्यात ही. आन् हे पिवळं बारकं फूल, हे काय गाजरगवत न्हाय. पोरांनी समदंच उपटलंय बघा.”

आम्ही खालीं बसून तो ढीग पाहूं लागलों. बाईचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. कोणी न लावलेलें, फुलावर आलेलें आणि नांव ठाऊक नसलेलें तें सारें गाजरगवत, असा मुलांचा समज. आणि मुलांस दोष कां द्यावा, आमचाही समज त्याहून फारसा निराळा नव्हता. त्या दिवशीं एक पिशवीभर रोपें घेऊन आम्ही स्नेह्यांच्या बिछान्याशीं जाऊन बसलों. हातांत भिंग, उशाशीं काढ्याचा पेला, अशा स्थितींत त्यांनीं आम्हांस जो पाठ दिला, तितका सरस पाठ आम्हीं स्वतः कधीं वर्गांत दिल्याचें स्मरत नाहीं.

या कुलाची मौज अशी कीं, ज्यास आपण फूल म्हणतों तें एक फूल नसतेंच. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, सोलापूरकरांच्या तेलाची करडई, कारळें, हीं सारीं या एकाच कुलांतलीं. जगांत त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत. देठाच्या टोंकावर पुष्कळशीं अतिसूक्ष्म फुलें दाटीवाटीनें बसतात, आणि ती सबंध सभा दुरून एका फुलासारखी भासते. या सभेस शास्त्रांत स्तबक म्हणतात. कडेचीं फुलें जीभ बाहेर काढल्यासारखीं, तीं किरणपुष्पकें; मधलीं नळीसारखीं, तीं बिंबपुष्पकें. ‘पाकळी’ म्हणून जें मुलें खुडतात तें वास्तविक एक अख्खें फूल असतें. इंग्रज कवींनीं डोक्यावर घेतलेली डेझी ती हीच मंडळी. दिवसाबरोबर उघडते म्हणून ‘दिवसाचा डोळा’ असा तिच्या नांवाचा मूळ अर्थ. आमच्यासारख्या इंग्रजी शिकलेल्यांची तऱ्हा पाहा : न पाहिलेल्या डेझीवर आम्हीं परीक्षेंत पानेंच्या पानें लिहिलीं, आणि पायाखालच्या सोनकडीचें नांव पन्नाशी उलटल्यावर शिकलों.

ती सोनकडी म्हणजे बाईनें दाखविलेलें पिवळें बारकें फूल. तिचें स्तबक सगळें पिवळें, कडेचे किरण पुष्कळ आणि अगदीं अरुंद. पानास देठ नाहीं, त्याचा तळ खोडास मिठी मारल्यासारखा बिलगलेला. तिच्या शेजारीं उगवणारी पाथरीही पिवळीच. चालत्या माणसाच्या दृष्टीला दोघी एक. पण पाथरीचें फूल भिंगाखालीं धरलें तर तिच्यांत मधल्या नळ्या मुळीं नाहींतच, सगळ्या जिभाच. आणि पान तोडलें कीं पांढरें दूध येतें, जें सोनकडींत कधीं यावयाचें नाहीं. माळाच्या अगदीं उघड्या, दगडगोट्यांच्या भागांत वीतभरही न वाढणारा फत्तरसुवा होता. त्याचीं पानें शेपूसारखीं बारीक चिरलेलीं, म्हणून त्यास मुलांनीं गाजरगवताचें पोर ठरवून उपटलें. आणि एकदांडी तर जिकडे तिकडे. लांब एकट्या दांड्यावर एकच स्तबक, मध्यें पिवळें, कडेला बहुधा पांच फिकट जिभा, आणि प्रत्येक जिभेच्या टोंकाला तीन दांते. गाजरगवताचेही किरण पांचच. पण ते इतके खुरटे कीं डोळ्यांस केवळ पांढरे ठिपके दिसतात.

स्नेही म्हणाले, “रंगावर जाऊं नका. रंग हा सर्वांत आधीं दिसतो आणि सर्वांत अधिक फसवितो.” आणि त्यांनीं आम्हांस दोन बहिणींचें उदाहरण दिलें. कारखान्यांच्या बागांतून जमीन झांकण्यासाठीं रोपवाटिकावाले ‘वेडेलिया’ नांवाची एक पसरणारी वनस्पति देतात. तीच बाग ती बाई झाडीत होती. ती उष्ण अमेरिकेंतली. तिची जवळची बहीण आपल्याकडे ओल्या जागीं आपोआप उगवते, तिला पिवळा माका म्हणतात. दोघींचीं फुलें समोरासमोर ठेवलीं तर भलेभले गोंधळतात. शास्त्रज्ञ आज दोघींस एकाच प्रजातींत घालतात. पण अमेरिकेच्या बहिणीचीं पानें बहुधा तीन भागांत फाटलेलीं. देशी बहिणीचीं लांबट व अखंड. एकदां तें दिसलें कीं पुन्हां फसणें नाहीं. आम्हांस वाटलें, हें तर आमचेंच शास्त्र! ज्या लक्षणानें वस्तु ओळखावयाची तें लक्षण वस्तूच्या अंगीं असलें पाहिजे, आणि दुसऱ्या कोणाच्या अंगीं असतां कामा नये, हें आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहीत आलों आहों. फळ्यावरून माळावर मात्र कधीं उतरलों नव्हतों.

ही झाली पहिली चूक : भेद असतां तो न पाहण्याची. दुसरी तिच्या नेमकी उलट होती, आणि ती आम्हांस अधिक लागली.

उत्साहाच्या भरांत आम्हीं ठरविलें कीं, प्रत्येक विद्यार्थ्यानें माळावरचें एक रोप कागदावर दाबून आणावें आणि त्याखालीं पट्टी चिकटवावी. पट्टी आम्हींच तयार केली. तींत रकाने होते : नांव, कुल, जात, ठिकाण, तारीख. आठ दिवसांनीं कागद आले. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्यानें सोनकडी फार सुंदर दाबून आणली होती. पानाचा तळ खोडास कसा बिलगतो तें दिसावें म्हणून एक पान उलटें करून ठेवलें होतें. पण खालच्या पट्टींत ‘नांव’ या रकान्यांत त्यानें स्वतःचें नांव लिहिलें होतें, ‘कुल’ या रकान्यांत आडनांव, आणि ‘जात’ या रकान्यांत स्वतःची जात.

आम्हीं तें वर्गांत मोठ्यानें वाचलें. सगळा वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. तो मुलगा हंसला नाहीं. तास संपल्यावर तो दाराशीं थांबला आणि म्हणाला, “सर, पहिलीपासनं प्रत्येक फॉर्मवर नावाखाली हेच विचारतात. मला वाटलं, इथं पण तेच असणार.”

त्या मुलाची चूक कोणती, हा प्रश्न त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना. आमच्या पट्टींतला एकही शब्द वनस्पतींच्या घरचा नव्हता; कुल, जात हे सारे माणसांच्या दारांतून उचलून आणलेले. ज्या भाषेंत फुलाची जात आणि माणसाची जात एकाच शब्दानें विचारली जाते, त्या भाषेंत एखाद्या मुलानें दुसरा अर्थ घेतला तर तो अर्थ त्यानें निर्माण केलेला नाहीं. आपण त्याच्या हातीं दिलेला आहे. मग ओघानेंच प्रश्न आला : शब्द एक आहे, पण वस्तु एक आहे काय?

आपले नैयायिक याविषयीं फार सावध होते. पुष्कळ व्यक्तींस एक नांव दिलें म्हणजे तेथें जाति आहेच, असें ते मानीत नसत. उदयनाचार्यांनीं तर जाति मानण्याच्या आड येणाऱ्या सहा बाधा मोजून सांगितल्या आहेत. जें लक्षण त्यांत सांपडेल तें जाति नव्हे, केवळ उपाधि, म्हणजे बाहेरून आलेला धर्म. ही कसोटी फार मोलाची आहे. पण त्याच परंपरेंतल्या मोठमोठ्या पंडितांनीं ब्राह्मणत्व ही मात्र खरी जाति आहे, असें सिद्ध करण्याचा खटाटोप केला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. कुमारिलभट्टांचें म्हणणें असें कीं, ब्राह्मणत्व हें डोळ्यांस दिसतें, मात्र आई-बाप कोण हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. आमच्या मतें सारी मेख या ‘मात्र’मध्यें आहे. सोनकडी ओळखावयास तिचे आई-बाप कोण होते तें कोणी सांगावें लागत नाहीं. भिंग पुरे होतें.

हाच विचार आमच्या कितीतरी आधीं, आणि नेमका गवताचाच दाखला घेऊन, एका थोर पुरुषानें मांडला आहे. सुत्तनिपातांतल्या वासेट्ठ सुत्तांत वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण, ब्राह्मण जन्मानें होतो कीं आचरणानें, असा वाद घेऊन बुद्धाकडे येतात. बुद्ध एकदम माणसांविषयीं बोलत नाहीं. तो आधीं गवताकडे आणि झाडांकडे बोट दाखवितो. मग किडे-मुंग्या, चतुष्पाद, साप, मासे, पांखरें. या सर्वांत जन्मानेंच आलेल्या निरनिराळ्या खुणा आहेत, त्या कोणी बोलून दाखवाव्या लागत नाहींत, असें तो म्हणतो. मग केंसांपासून पायांपर्यंत माणसाचा एक एक अवयव घेऊन विचारतो कीं, येथें तशी खूण कोठें आहे? माणसांत जो भेद आहे तो नांव ठेवण्यानें झालेला, व्यवसायावरून पडलेला. धर्मानंद कोसंबी यांनीं सुत्तनिपाताचें मराठी भाषांतर करून ठेवलें आहे. जिज्ञासूंनीं हें सुत्त त्यांत अवश्य पाहावें. पुढें १९३६ सालीं डॉ. आंबेडकरांनीं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्यें आधुनिक शास्त्राच्या भाषेंत हेंच बजावलें कीं, जातिभेद हा वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती समाजानें केलेली फाळणी आहे.

येथें तर्कशास्त्राच्या अध्यापकास गप्प बसवत नाहीं. समजा, कोणी म्हणाला कीं, वनस्पतींत तरी या रेषा ठाम कोठें आहेत? आक्षेप पोकळ नाहीं. डार्विननें १८५९ सालींच लिहिलें कीं, जाति हा शब्द सोयीसाठीं दिलेला असून जाति आणि पोटभेद यांत मूलतः फरक नाहीं. मेंडेलची हकीकत तर करुण आहे. वाटाण्यावर त्यानें आनुवंशाचे नियम शोधले, आणि तेच नियम दुसरीकडे लागू पडतात का पाहावें म्हणून नेमकी या सूर्यफुलाच्या कुलांतली एक वनस्पति घेतली. तिच्या संततींत नियम दिसेचनात. कारण असें कीं, त्या वनस्पतींत पुष्कळदां परागावांचूनच बीं धरतें; पण ही गोष्ट मेंडेलला ठाऊक नव्हती. युरोपांतलें डँडेलियन हेंही त्याच वळणाचें. त्याच्या जाती मोजतांना कोणी थोड्या मानतात, कोणी शेंकड्यांनीं मोजतात. १९४२ सालीं मायर यानें, ज्यांचा परस्परांत संकर होऊन संतति चालते ती एक जाति, अशी व्याख्या रूढ केली. जेथें संकरच नाहीं तेथें तीही लंगडी पडते.

मग बुद्धाचा दाखला कोसळतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. रेषा अंधुक असणें निराळें आणि रेषा वस्तूवर नसून पाहणाऱ्याच्या खिशांत असणें निराळें. डँडेलियनविषयीं दोन पंडित भांडले तर दोघेही शेंवटीं त्या रोपाकडेच जातात; रोप जें दाखवील त्यानें दोघांपैकीं एक, किंवा दोघेही, खोटे ठरूं शकतात. माणसाच्या जातीविषयीं वाद पडला तर माणसाकडे कोणी जात नाहीं. जो तो दप्तराकडे धांवतो. फुलाकडे जितकें निरखून पाहावें तितके भेद वाढत जातात. माणसाकडे निरखून पाहिलें तर त्याचा स्वभाव, त्याचें दुःख, पान उलटें करून ठेवण्याची त्याची हुशारी, हें सारें दिसतें. रकान्यांतला शब्द तेवढा दिसत नाहीं.

एवढ्यावर आम्ही थांबलों असतों तर बरें वाटलें असतें. दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. हंसलों होतों वर्गांत, म्हणून मागितली तीही वर्गांतच. आणि औदार्याच्या आवेशांत म्हणालों कीं, असले रकाने सगळ्याच कागदांवरून पुसून टाकले पाहिजेत. तो नम्रपणें म्हणाला, “सर, तो रकाना काढला तर माझी फी कोण भरणार?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. जो भेद माणसांनीं लादला, त्याचें ओझें ज्यांच्या पाठीवर शतकानुशतकें राहिलें, त्यांस तें ओझें उतरविण्यासाठीं तरी तें किती होतें हें सांगावेंच लागतें. भेद खोटा, पण त्याचा वळ खरा. आमची लेखणी त्या रकान्यापाशीं जन्मांत कधीं अडखळली नाहीं, म्हणून तो पुसण्याची घाई आम्हांस झाली होती.

आणखी एका भेदाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. माळावर मुलें एकमेकांस ओरडून सांगत होतीं, “परकं आहे, उपटा!” आतां ती एकदांडीही मूळची अमेरिकेचीच. पण शेतांत विळा लागला कीं तिचाच पाला चोळून रक्त थांबवितात, तिला ‘दगडी पाला’ असें आणखी एक मराठी नांव पडलें आहे, आणि ती परकी आहे हें सांगितलें तर गुराख्याला हंसूं येईल. देशीपणा भिंगाखालीं दिसत नाहीं. ती इतिहासाची गोष्ट आहे, अंगाची नव्हे. शास्त्रज्ञांस ती ठाऊक असावी लागते हें खरें, कारण एखाद्या मुलखांतलीं गवतें, किडे आणि पांखरें फार काळ एकमेकांच्या आधारानें राहिलेलीं असतात, आणि नव्यानें आलेली वनस्पति ती घडी मोडूं शकते. पण गाजरगवत उपटावयाचें तें अंगावर पुरळ उठवितें आणि पाथरीची जागा खातें म्हणून. तें पंढरपुरांत जन्मलें असतें तरी उपटावेंच लागलें असतें. त्याचा पाला फस्त करणारा जो भुंगेरा १९८४ सालीं भारतांत सोडण्यांत आला, तो मेक्सिकोचा आहे. त्यास परका म्हणून कोणी हांकलून दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. वनस्पतींविषयीं वापरलेला ‘परका’ हा शब्द माणसांवर घसरण्यास फार वेळ लागत नाहीं, म्हणून हें लिहिलें.

गेल्या आश्विनांत आम्ही पुन्हां चिंचोळीस गेलों. त्या भूखंडावर आतां पत्र्याची मोठी शेड उभी आहे, आणि तिच्यापुढें वेडेलियाची हिरवी पट्टी. पाथरी कुंपणाच्या कडेला उरली होती. त्या बाईनें आम्हांस ओळखलें आणि ओंजळभर खुडून दिली. घरीं नेल्यावर ती निवडून देतांना आमची सौभाग्यवती म्हणाली, “लहानपणीं खात होतों आम्ही ही. तुम्हांला कसें माहीत नाहीं?”

स्नेह्यांनीं आमची पट्टी दुरुस्त केली. ‘जाति’ हा शास्त्राचा शब्द आहे, तो काढतां येणार नाहीं, असा त्यांचा आग्रह. त्यांनीं फक्त प्रत्येक रकान्यापुढें ‘वनस्पतीचें’ किंवा ‘वनस्पतीची’ असें लिहिलें, आणि खालीं ‘गोळा करणाऱ्याचें नांव’ असा एक रकाना वाढविला, कारण तसें नांव असल्यावांचून कोणताही वनस्पतिसंग्रह कागद स्वीकारीत नाहीं. त्या मुलानें नवी पट्टी भरून आणली. जातीपुढें सोनकडी, आणि तळाच्या रकान्यांत त्याचें नांव. जुनी पट्टी त्यानें सोलून आमच्या टेबलावर ठेवली आणि तिचें काय करावयाचें तें सांगितलें नाहीं. ती आमच्या खणांत आहे.